मार्च संपू दे

खामगाव, १२ फेब्रुवारी २०२६

डॉ. शरयू यांस,

हे पत्र धंद्याच्या कामाचं आहे. चार वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून गहिवरून वगैरे येऊ देऊ नये, ही आधीच विनंती.

माझे एक अशील आहेत, रंगराव. इथे खामगावात त्यांची कापसाची जिनिंग आहे. बरीच वर्षं त्यांचा कर मी पाहतो, म्हणजे तो कमीत कमी कसा भरावा लागेल हे पाहतो. परवा ते कार्यालयात येऊन बसले आणि म्हणाले, मेंदूच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एखाद्या संस्थेला देणगी द्यायची आहे, त्यावर कर वाचतो ना? वाचतो. मंजूर संस्थेला संशोधनासाठी दिलेली रक्कम फर्मच्या उत्पन्नातून वजा होते. एके काळी पावणेदोनपट वजावट मिळायची, मग दीडपट झाली, आता जेवढ्यास तेवढी. सरकारचा मेंदूवरचा लोभ आटत चाललाय, असं मी त्यांना म्हणालो. ते हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांवरही हसतात.

संस्था शोधायला इंटरनेटवर बसलो तर पहिल्याच पानावर तुमचा फोटो निघाला. केस पार पांढरे झाले आहेत. 'एकाच कुटुंबात पिढ्यानपिढ्या दिसणारे मानसिक आजार' हा तुमच्या संस्थेचा विषय. तो तुम्हाला कुठून सुचला हे मला विचारायची गरज नाही.

तर तुमच्या संस्थेची आयकर खात्याची मंजुरी चालू आहे का, ते कळवावं. शिवाय हे संशोधन कुठवर आलंय आणि औषध निघायला साधारण किती वर्षं लागतील, तेही कळवावं. अशील विचारतात.

उत्तर कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावं, घरच्या नको. फोन करू नये. व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल वगैरे तर मुळीच नको. पत्रच लिहावं.

सुधाकर
कर सल्लागार

ता. क. आईचा त्रास सुरू झाला तेव्हा तिचं वय काय होतं? तुमच्या कामाचं स्वरूप कळावं, एवढ्यासाठीच विचारतो.


खामगाव, १९ फेब्रुवारी

शरयू,

'तुम्ही' म्हटल्याचा तुला राग आला म्हणे. बरं, तू.

तुझ्या पत्रातला कामाचा मजकूर दीड ओळीचा: मंजुरीची मुदत संपली आहे, नूतनीकरणाचा अर्ज केला आहे, मार्चअखेरपर्यंत होईल अशी आशा आहे. आशेवर वजावट मिळत नसते, बाई. अख्ख्या जगाचे मेंदू तपासायला निघालात आणि स्वतःच्या कागदांची मुदत कधी संपते हे एकालाही कळलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटतंय, लपवत नाही.

बाकीच्या दोन पानांत 'दादा, दादा' आहे. त्याचंही उत्तर देतो. चार वर्षांपूर्वी तू वर्तमानपत्राला मुलाखत दिलीस. आपलं नाव, आपल्या गावाचं, डोणगावचं नाव, आईला स्किझोफ्रेनिया होता, बाबा तिला मागच्या खोलीत ठेवायचे, सगळं छापून आलं. लोकांनी बोलायला हवं, तरच हे आजार लाजेचे राहणार नाहीत, असं तुझं वाक्य मोठ्या अक्षरांत होतं. पुण्यात तुझ्या धीटपणाचं कौतुक झालं असेल. इथे आठ दिवसांत माझ्या हिमानीचं जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारणही दिलं नाही, फक्त ते कात्रण पाठवून दिलं. तू खरं बोललीस, मान्य. पण ते खरं एकट्या तुझ्या मालकीचं नव्हतं.

आता फोनबद्दल. करू नकोस असं लिहिलं असताना तू केलास. आमच्या घरातले सगळे फोन सध्या ज्वारीच्या कोठीत असतात. मी जेवायला घरी गेलो की दारातच माझा फोनही द्यावा लागतो. तुझा फोन कोठीत वाजला. नंतर घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. तुझ्या रेणुकावहिनीनं सांडलेली ज्वारी भरून घेतली आणि रात्री स्वयंपाक केलाच नाही. फोन कोठीत का असतात ते विचारू नकोस, घरगुती बाब आहे. धंद्याचं मात्र वाटोळं होतंय, कारण आयकराच्या पोर्टलवर पाऊल टाकायचं तर आधी मोबाइलवर ओटीपी येतो. दुपारच्या वेळी खामगावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांचे ओटीपी माझ्या ज्वारीत पडून असतात. हस, हरकत नाही.

रंगराव दर दोन दिवसांनी येतात. चहा घेतात, वजावटीचं विचारतात, उठत नाहीत. परवा म्हणाले, हे संशोधनवाले पेशंट तपासतात का? मी सांगितलं, देणगीच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळालं तर ती देणगीच उरत नाही. त्यांनी आणखी एक चहा मागवला. मोसमाच्या ऐन दिवसांत जिनिंग सोडून हा माणूस माझ्याकडे का बसतो, मला समजत नाही.

त्यांचा आणखी एक प्रश्न आहे. आजीला असा आजार असेल तर नातवाला होण्याचा संभव किती? आणि झाला, तर सुरुवातीला कसा ओळखावा?

सुधाकर


खामगाव, २७ फेब्रुवारी

शरयू,

तू एका ओळीचं पत्र पाठवलंस. 'रंगरावांच्या आईबद्दल विचारतोस की आपल्या? धवल कसा आहे?'

धवल मजेत आहे.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे.

दिवाळीला हैदराबादहून आला तो परत गेलाच नाही. कंपनीनं काढलं की यानंच सोडली, तेही नीट सांगत नाही. आम्ही लोकांना सांगितलं, घरून काम करतो. हल्ली ही फार सोयीची गोष्ट झाली आहे, दार लावून बसलेल्या पोराबद्दल कोणी काही विचारत नाही. आधी झोप गेली. मग म्हणायला लागला की शेजारचे त्याच्याबद्दल बोलतात. शेजारी कुलूप आहे, ते लोक मुलाकडे अमेरिकेला गेलेत. मग फोन ऐकतात म्हणून ते कोठीत गेले. त्रास कुणाला देत नाही. उलट सांभाळून घेतो. रेणुकानं फोन बाहेर काढला की तिच्याकडे असं काळजीनं पाहतो की तीच मुकाट्यानं परत ठेवते. माझ्या कार्यालयात कॉम्प्युटर यानंच आणला होता. 'बाबा, घाबरून बटन दाबू नका, काई फुटत नाई,' असं म्हणत मला सगळं शिकवलं. आता स्क्रीन दिसली की तोंड फिरवतो.

आई तशीच भिंतीकडे तोंड करून बसायची. तू लहान होतीस, तुला ते पाठीमागून आठवत असेल. मला समोरून आठवतं. धवलच्या खोलीत जेवणाचं ताट मी खाली मान घालून नेतो, शरयू. मी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

आता तुला एक गंमत सांगतो. कायद्यात दोन वजावटी आहेत. मेंदूच्या संशोधनाला देणगी दिली तर एक. आणि आपल्या घरातल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या मनोरुग्णाला सांभाळलं तर दुसरी. पहिलीला संस्थेची पावती लागते. दुसरीला सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर आपल्या माणसाचं नाव असतं. एवढ्या वर्षांत मी एकाही विवरणपत्रात दुसरी वजावट भरलेली नाही. खामगावात तशी घरं नाहीत म्हणून नव्हे. कुणाच्या माडीवर कोण आहे, कुणाची बहीण 'माहेरी आलेली' ती आजवर परत का गेली नाही, हे कर सल्लागाराला कळतंच. पै पै वाचवण्यासाठी माझ्याशी भांडणारी माणसं ही वजावट मात्र आनंदानं सोडून देतात. मीही त्यांच्यातलाच निघालो.

माझ्या उत्तराची वाट न पाहता तू लगोलग दुसरं पत्र पाठवलंस, त्यात अकोल्याच्या डॉक्टरांचं नाव लिहिलंस; तुला कुठून कळलं कोण जाणे. तुझं वाक्य असं आहे, 'दादा, औषध निघायची वाट पाहू नकोस. आजही औषधं आहेत. आमचं काम पुढच्यांसाठी आहे, धवलला याच आठवड्यात दाखव.' मी अकोल्याला जाऊन आलो. एकटाच. दवाखान्यासमोरच्या रसवंतीत बसून पाटी पाहिली. 'मनोविकार' हा शब्द डॉक्टरांच्या नावापेक्षाही मोठा लिहिलाय. अर्धं खामगाव दवाखान्यांसाठी अकोल्यालाच जातं. मी रस पिऊन परत आलो.

दाखवायचं नाही असं नाही. पण पंधरा मार्चला आगाऊ कराचा हप्ता, अखेरीला वर्षाचं सगळं काम, एक एप्रिलपासून नवा आयकर कायदा. इतक्या वर्षांची तोंडपाठ कलमं नव्यानं शिकायची आहेत. तेवढा मार्च संपू दे. मग निवांत नेतो. तोवर तुझी मंजुरीही येईल, रंगरावांची देणगी पोचेल आणि तुम्ही काही तरी नवं शोधालही.

हे शेवटचं वाक्य वाचून तू मला मूर्ख म्हणशील. म्हण.

सुधाकर


खामगाव, ६ मार्च

शरयू,

धवल होळीच्या दिवशी घरातून निघून गेला. आता घरी आहे, सुखरूप आहे. आधी एवढं वाच आणि मग पुढचं वाच.

सकाळी रेणुका पुरणाला लागली होती, मी कार्यालयात होतो. ती ताट घेऊन गेली तर खोली रिकामी. चप्पल होती, बूट नव्हते. मी स्टेशन पाहिलं, बसस्टँड पाहिलं, जलंबच्या रस्त्याला लांबवर जाऊन आलो. कुणाला विचारावं तर काय म्हणून विचारावं? 'माझा घरून काम करणारा मुलगा पाहिलात का?' लोकांना मी सांगत होतो की पाकीट हरवलंय. भर बाजारात वाकून वाकून पाकीट शोधत फिरणारा बाप, असं ते दृश्य होतं. पोलिसांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. याची मला आज भयंकर चीड येते.

संध्याकाळच्या सुमाराला रंगरावांचा ड्रायव्हर घरी आला. म्हणाला, साहेब, तुमचं पोरगं मालकांपाशी हाये, सैलानीले, घाबरू नका, मालकांनी गाडी पाठवली.

सैलानीबाबांच्या यात्रेला तू कधी आली नाहीस. बाबांनी आईला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. होळीला कुठून कुठून माणसं येतात, डोक्यानं हरवलेल्या आपल्या माणसाला घेऊन. बुलढाण्याच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मालक तिथे काय करतायत हे विचारायचं मला सुचलंच नाही.

एका ताडपत्रीखाली रंगराव बसले होते. शेजारी त्यांची मुलगी दीपमाला. शरयू, दीपमाला नागपूरला बँकेत नोकरीला आहे असं सगळं गाव तीन वर्षं ऐकतंय. तिचा कर मी का भरत नाही असं मी एकदा विचारलंही होतं, तर तिकडचा सीए भरतो, असं त्यांनी सांगितलं होतं. ती तिथे बसली होती, एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर घालून, एकटीच हळू आवाजात काही तरी मोजत. आणि आपला धवल तिच्यासाठी संत्रं सोलत होता. एकेक फोड साफ करून तिच्या हातावर ठेवत होता.

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंडातून एवढंच आलं, 'काऊन आला बे इथं? सांगून तरी यायचं.'

तो म्हणाला, 'इथं कोनी लपवून नाई राह्यलं, बाबा. पाहा ना, सारे आपापल्या मानसाचा हात धरून बसले हायेत.'

मी पाहिलं. खरंच बसले होते.

रंगराव मला थोडं बाजूला घेऊन गेले. त्यांनी मला पाहून मान खाली घातली नाही, मीच घातली. म्हणाले, 'वकीलसाहेब, मले वजावट कायले पाह्यजे हो? या गोष्टीचं बोलाले गावात मानूसच नव्हता. अन् तुमच्याशी वजावटीबिगर काय बोलनार?'

तेव्हा मला त्यांच्या सगळ्या चहांचा अर्थ लागला. आम्ही दोघं महिनाभर टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच गोष्ट विचारत होतो. ते विचारायचे, औषध कधी निघेल, आणि मी कलम सांगायचो. मी तुला लिहायचो, अशील विचारतात, आणि ते खरंही होतं आणि खोटंही.

मी त्यांना म्हणालो, तुम्ही गाडी पाठवलीत, मी आलो की मला दीपमाला दिसणार हे तुम्हाला माहीत होतं. ते म्हणाले, 'पोरगं एकलं फिरून राह्यलं होतं. मंग काय करतो?' एवढंच. जी गोष्ट तीन वर्षं छातीशी धरली ती माझ्या मुलासाठी त्यांनी एका मिनिटात सोडून दिली. मी मात्र गावभर पाकीट शोधत होतो.

परतीच्या गाडीत आम्ही चौघं होतो. धवल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. किती महिन्यांनी तो असा झोपला असेल, सांगता येत नाही. मी हललो नाही, खांदा बधिर झाला.

दादा


खामगाव, १४ मार्च

शरू,

तुझं रागाचं पत्र मिळालं. 'आता तरी नेलंस का?' नाही नेलं. उद्या हप्त्याची तारीख आहे, कार्यालयात माणसांची रीघ आहे. मला ठाऊक आहे मी काय करतोय. होळीहून आल्यावर दोन दिवस मी धवलशेजारी बसलो, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग फायलींनी मला ओढून नेलं. फायली बऱ्या असतात. त्यांच्यात चूक सापडली की दुरुस्त करता येते. मी रेणुकाला म्हणालो, मार्च संपू दे. तिनं लाटणं जरा जोरात ठेवलं.

हिमानी दोन दिवसांची रजा काढून आली. ती अकोल्याला बँकेत आहे, हे तुला माहीत असेलच, कारण तुम्हा दोघींची पत्रं नसली तरी फोन चालतात हे तिनं परवा सांगितलं. मी तिच्यावर चिडलो. जिनं तुझं लग्न मोडलं तिच्याशी बोलतेस, असं म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, 'आत्यानं नाही मोडलं, बाबा. ते लोक तसे होते म्हनून मोडलं. लग्नानंतर मले समजलं असतं तर?' चार वर्षं मी तुझ्यावर ज्याचा राग धरला ते तिनं केव्हाच मिटवून टाकलं होतं. मला कुणी कळवलंच नाही. मला खूप वाईट वाटलं, शरू, आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम.

आज दुपारी रंगराव चेक घेऊन आले. तुझ्या संस्थेच्या नावाचा, सही केलेला. मी खुर्ची पुढे ओढली आणि माझं काम केलं. सांगितलं की संस्थेची मंजुरी अजून आलेली नाही, आज चेक दिला तर वजावट धरता येईल याची खात्री नाही, पैसे जातील आणि कर आहे तेवढाच भरावा लागेल. थांबा. मंजुरी येऊ द्या, पुढच्या वर्षी देऊ. सल्ला अगदी बरोबर होता. कुठल्याही परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले असते.

ते म्हणाले, 'वकीलसाहेब, तुमी सारं पुढच्या वर्षावर काऊन टाकता हो? मही दीपमाला पह्यल्या वर्षी बोलत होती. मी म्हनलो, मोसम होऊ द्या. दुसऱ्या वर्षीबी मोसमच होता. आता थे मोजते, फकस्त मोजते.'

समोर दोन माणसं कागद घेऊन बसली होती, त्यांनी ऐकलं. रंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज कमी केला नाही. चेक टेबलावर ठेवला. 'वजावट नाई भेटली तं नाई भेटली. त्या बाईले म्हना, तुमचं काम होऊ द्या.' मग जाता जाता दारातून वळून म्हणाले, अकोल्याच्या डॉक्टरांची त्यांनी दीपमालासाठी पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली आहे. गाडीत जागा आहे.

ते गेल्यावर मी त्या दोन माणसांच्या कागदांत तीन चुका केल्या. चेक सोबत जोडला आहे. जपून उघड.

दादा


अकोला, २० मार्च

शरू,

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. आमचा नंबर अजून लांब आहे.

काल पाडवा झाला. आज सकाळी कार्यालयाच्या दारावर पाटी लावली, 'आज बंद'. मार्च महिन्यात ही पाटी आजवर कधी लागली नव्हती. समोरचा किराणावाला रस्ता ओलांडून आला, त्याला वाटलं कोणी गेलं. म्हणाला, वकीलसाहेब, सारं ठीक हाये ना? मी तोंड उघडलं आणि मला आधी पाकीटच आठवलं. मग म्हणालो, मुलगा आजारी आहे, डोक्याचा आजार आहे, अकोल्याला दाखवायला नेतोय. मला वाटलं, आता मागे सरकेल. तो दुकानात गेला आणि पाण्याची बाटली अन् बिस्किटं घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. त्याच्या मनात काय आलं असेल, घरी जाऊन बायकोला काय सांगेल, मला ठाऊक नाही. पण पाणी थंड होतं.

सगळंच असं गोड झालेलं नाही. धवल गाडीत बसायला तयार नव्हता. रेणुकानं त्याला शपथ घातली, पाडव्याला आलेल्या हिमानीनं समजावलं, काही चाललं नाही. शेवटी दीपमालानं आपल्या शेजारची जागा हातानं झटकली आणि तो बसला. अट एकच, गाडीत कोणाचाही फोन नको. रंगरावांचा फोनही आमच्या कोठीत ठेवून आलोय. ऐन मोसमात जिनिंगचा मालक आणि मार्चमध्ये कर सल्लागार, दोघांचेही फोन ज्वारीत. कापसाचे भाव आणि आयकराचे ओटीपी तिथे एकमेकांशी बोलत असतील.

इथे माझ्यासमोर बाकावर रंगराव आणि दीपमाला आहेत. ती मोजतेय. मघाशी कोर्टातले एक ओळखीचे कारकून जिन्यावरून उतरले, आमच्यापाशी थबकले आणि म्हणाले, काय वकीलसाहेब, कोनाले दाखवाले आनलं? पेपर तोंडापुढे धरायची माझी सवय. पेपर हातात होताही. मी म्हणालो, पोराले. त्यांनी धवलच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मला दरदरून घाम फुटलाय, अजून वाळलेला नाही.

डॉक्टर काय म्हणतील ते कळवतो. मागे तू संशोधनासाठी आमच्या घरातल्यांचं रक्त मागितलं होतंस आणि मी तुला नको नको ते बोललो होतो. माझं घे. धवलचं त्याला विचारून घे. रंगरावही देतो म्हणतात. मात्र त्यावर वजावट नाही हं.

तुझा चेक वटला असेल. मंजुरी केव्हा येईल तेव्हा येवो.

आईबद्दल तू छापून आणलंस त्याचा मला अजून राग आहे. थोडा आहे, तो राहील. पण त्या रागापायी मी तुझ्याशी ज्या चार वर्षांत बोललो नाही, त्यातल्या शेवटच्या चार महिन्यांत तू जवळ असायला हवी होतीस. फोन करू नकोस, शरू. तू ये.

दादा

धवलनं पत्र वाचायला मागितलं. मी दिलं. त्यानं एकेक ओळ बोट ठेवून वाचली, मग म्हणाला, 'सारं तुमीच लिहिलं, बाबा. मले तं विचारलंच नाई.' म्हणून खाली त्याला जागा सोडतोय. तो काय लिहितो ते मी वाचणार नाही, असं त्याला कबूल केलंय.

आत्या, मला आवाज ऐकू येतात. ते खरे नसतात हे मला कधी कधी कळतं, कधी कधी नाही कळत. बाबांनी कधी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मी झोपलो की फोन कोठीतून काढत जा, मला चालेल, असं मी आईला सांगितलं होतं. बाबाच काढू देत नाहीत, त्यांना भीती वाटते. आता डॉक्टरांनी विचारलं की मी सांगणार आहे. बाबांना आत घेऊ की बाहेर बसवू, ते ठरत नव्हतं. आत घेतो.
धवल